पुराच्या गणिताचा ताळा

सकाळी सहा

रात्री रांगेत लावलेला रन संपला का, हे मी चहाच्या आधी पाहते. जुलैचा मध्य आहे. राधानगरी-गगनबावड्याकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि पुण्यातल्या आमच्या संगणकावर प्रयाग चिखलीच्या संगमापासून शिरोलीच्या खालपर्यंतची पंचगंगा रात्रभर वाहून झाली आहे. सुमारे २०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा आम्ही १० मीटरच्या चौकोनांत कापला आहे. म्हणजे २० लाख चौकोन, आणि प्रत्येकात तीन आकडे: पाण्याची खोली आणि दोन दिशांचे वेग. सँ-व्हनाँ या फ्रेंच अभियंत्यानं १८७१ मध्ये मांडलेल्या समीकरणांचं दोन मितींतलं रूप आम्ही सोडवतो. पाणी नाहीसं होत नाही, आणि त्याचा वेग उतार, दाब व घर्षण यांमुळे बदलतो, एवढंच ती सांगतात. पण जागा आणि काळ या दोन्हींबरोबर बदलणाऱ्या राशींबद्दल सांगतात, म्हणून ती आंशिक अवकल समीकरणं. आमच्याकडे सगळे पीडीईच म्हणतात.

रंगीत चित्र मी आधी उघडत नाही. आधी लॉगची शेवटची ओळ: वरून किती पाणी आत आलं, खालून किती बाहेर गेलं, पट्ट्यात किती साठलं. आलेल्यातून गेलेलं वजा केलं की साठा निघायला हवा. आमची पद्धत एका चौकोनातून जितकं पाणी काढते तितकंच शेजारच्यात घालते, त्यामुळे हा ताळा चौदाव्या-पंधराव्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. आज तो तिसऱ्याच आकड्याला हलतो आहे. पट्ट्यात पावसानं न आणलेलं पाणी आहे.

तिसरा आकडा म्हणजे फार नाही, असं कुणालाही वाटेल. पण एक चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर, एक कोटी लिटर. सपाट मळईवर पूर पसरतो तेव्हा त्या सेंटिमीटरवर गावाची वाट बंद होते किंवा उघडी राहते.

साडेआठ

ऑफिसात माझा पीएच.डी.चा विद्यार्थी आधीच बसलेला. तो शिरोळ तालुक्यातला, त्यामुळे या नदीबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणतो. त्यानं लॉग पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, रंकाळा चालवू का?"

रंकाळा ही कोल्हापूरच्या तलावाचं नाव दिलेली आमची सगळ्यात जुनी चाचणी. ओबडधोबड तळाचा एक तलाव घ्यायचा, पाणी काठोकाठ सपाट ठेवायचं, वारा नाही, पाऊस नाही, आणि संगणकावर एका दिवसाचा काळ जाऊ द्यायचा. पाणी जागेवरून हलता कामा नये. ऐकायला ही चाचणी क्षुल्लक वाटते, पण अनेक चांगल्या पद्धती इथेच नापास होतात. तळ उतरता असतो तिथे एकीकडे पाण्याचा दाब ढकलतो, दुसरीकडे उतार ओढतो, आणि प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांना बरोबर पुरे पडतात. कागदावरही पुरे पडतात. पण चौकोनांवर दाबाचा फरक एका रीतीनं मोजला आणि उताराचा दुसऱ्या रीतीनं, तर बारीकसा फरक उरतो आणि निवांत तलावात प्रवाह सुरू होतात. १९९० च्या दशकात गणितज्ञांनी या समतोलाकडे नीट लक्ष दिलं, आणि २००४ मध्ये मुख्यतः फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटानं तळाच्या पायरीवर दोन्ही बाजूंची खोली नव्यानं मांडण्याची सुटसुटीत युक्ती दिली. तीच आम्ही वापरतो.

रंकाळा अर्ध्या तासात पास झाला. वेग दशांश चिन्हानंतर चौदा शून्यं. म्हणजे भर पाण्यात गडबड नाही. मग उरतो तो काठ, जिथे ओलं संपतं आणि कोरडं सुरू होतं.

अकरा

एम.एस्सी.चा वर्ग. आज उष्णतेचं समीकरण, फूरिएनं १८२२ च्या आपल्या ग्रंथात ज्याचा पाया घातला ते. हा तास माझा आवडता आहे, कारण इथे संगणक लागत नाही. खडू पुरतो.

लांब सळई, सगळीकडे तापमान शून्य, मधल्या एकाच बिंदूवर एक. पुढच्या क्षणी प्रत्येक बिंदूचं तापमान काढायचं. नियम सोपा: स्वतःच्या तापमानात शेजाऱ्यांशी असलेल्या फरकाचा काही हिस्सा मिळवायचा. तो हिस्सा किती, हे काळाचं पाऊल आणि बिंदूंमधलं अंतर यांवर ठरतं. त्याला आपण र म्हणू. र अर्धा घेतला तर पहिल्या पावलाला अर्धा, शून्य, अर्धा. दुसऱ्याला पाव, शून्य, अर्धा, शून्य, पाव. जरा खडबडीत दिसतं, पण उष्णता पसरते आहे आणि कुठेही शून्याखाली जात नाही.

मग मी सांगते, घाई करू, काळाचं पाऊल दुप्पट करू, र बरोबर एक. मुलं वहीत मांडतात. पहिलं पाऊल: १, उणे १, १. कुणीतरी मान वर करतं. सळई थंड कशी झाली? मी म्हणते, पुढे चला. दुसरं पाऊल: १, उणे २, ३, उणे २, १. तिसरं: १, उणे ३, ६, उणे ७, ६, उणे ३, १. चौथ्या पावलापर्यंत कुणी जात नाही. आकडे दर खेपेला फुगतात, एकाआड एक चिन्ह बदलतात, आणि सळईचा त्याच्याशी काही संबंध राहत नाही. समीकरण तेच, नियम तोच, बेरीज-वजाबाकीत एकही चूक नाही.

आता मी त्यांना शेवटच्या ओळीची बेरीज करायला लावते. एक उणे तीन, अधिक सहा, उणे सात, अधिक सहा, उणे तीन, अधिक एक. उत्तर एक. सुरुवातीला जितकी उष्णता होती तितकीच! ताळा तंतोतंत जुळतो आणि उत्तर निरर्थक आहे. सकाळचा माझा लॉग मनात असल्यानं आज हे सांगताना मी जास्त रेंगाळले. ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक. पण जुळला म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्यापलीकडे स्थैर्य लागतं: बारीक चूक पावलागणिक वाढत जाऊ नये. या पद्धतीसाठी र अर्ध्याच्या वर गेला की स्थैर्य संपतं, आणि हे प्रयोगातून सापडलेलं नाही, सिद्ध करता येतं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, संगणक फास्ट झाल्यावर हे लागेल का?" चांगला प्रश्न. वेगवान संगणक चुकीच्या उत्तराकडेही वेगानंच जातो. कूरंट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये काळाच्या पावलावरची ती प्रसिद्ध अट लिहिली तेव्हा आजचे संगणक नव्हतेच. त्यांना हिशेब करायचाही नव्हता. समीकरणांना उकल असते हे सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी ते जाळी बारीक करत करत मर्यादेपर्यंत नेत होते. त्या वाटेवर त्यांना दिसलं की लाटेची बातमी एका पावलात जितकी दूर जाते, तितक्या दूरच्या बिंदूंची माहिती पद्धतीनं घेतलीच पाहिजे. आज जगभरातले पुराचे आणि हवामानाचे कोड ती अट पाळतात किंवा पद्धत बदलून तिच्यातून वाट काढतात. सिद्धान्त आणि हिशेब ही दोन खाती वेगळी करणाऱ्या अभ्यासक्रमांचा मला म्हणूनच राग येतो. आपल्याकडे एका विषयात अस्तित्वाची प्रमेयं पाठ करतात, दुसऱ्यात कोड लिहितात, आणि दोन्हींची गाठ परीक्षेपर्यंत पडत नाही.

लॅक्स आणि रिख्टमायर यांचा १९५६ चा सिद्धान्त पुढच्या तासाला. समस्या रेषीय आणि सुस्थित असेल आणि पद्धत मूळ समीकरणाशी सुसंगत असेल, तर स्थैर्य असणं आणि जाळी बारीक होताना खऱ्या उकलीकडे जाणं, या दोन्ही गोष्टी एकच. लॅक्स २०२५ च्या मे महिन्यात गेले. मुलांना मी त्यांचा फोटो दाखवणार आहे.

दुपारी एक

डबा. पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत काम करणारी मैत्रीण आज आमच्याकडे आली होती. त्यांच्याकडे २०१८ मध्ये प्रत्यूष हा महासंगणक बसला, ४ पेटाफ्लॉप्सचा. २०२४ मध्ये अर्क आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा, आणि २०२५ च्या मे महिन्यापासून देशाचा अंदाज ६ किलोमीटरच्या जाळीवर निघतो, आधी १२ होती. बाहेरच्यांना वाटतं, जाळी निम्मी केली म्हणजे काम दुप्पट. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी बिंदू दुप्पट, म्हणून चौपट. आणि काळाचं पाऊलही निम्मं करावं लागलं, तर आठपट.

बोलता बोलता विषय रिचर्डसनवर आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवताना या माणसानं २० मे १९१० च्या नोंदी घेऊन सहा तासांचा हवामान-अंदाज हातानं काढला. उत्तर आलं की दाब १४५ हेक्टोपास्कलनं वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास जागचा हलला नव्हता. तरी त्यानं १९२२ च्या पुस्तकात ते उत्तर जसंच्या तसं छापलं. पुढे आयर्लंडच्या पीटर लिंच यांनी दाखवलं की सुरुवातीच्या नोंदींतला वारा-दाबाचा असमतोल आधी गाळून घेतला, तर त्याच पद्धतीनं समंजस उत्तर येतं. "त्यानं ते लपवलं असतं तर?" मैत्रीण म्हणाली. मला रिचर्डसनबद्दल फार आदर आहे, तो याच कारणानं.

दोन ते पाच

दिवसाचं खरं काम आता. काठाचा शोध.

पाण्याची खोली ८ मीटर असेल तर लाट सेकंदाला सुमारे ९ मीटर धावते, वर प्रवाहाचा वेग २ मीटर धरा. १० मीटरचा चौकोन ओलांडायला तिला एक सेकंदही लागत नाही. म्हणून आमचं पाऊल सेकंदाहून लहान, आणि एका दिवसाच्या पुराला लाखभर पावलं. या प्रत्येक पावलात पुराच्या कडेला असे चौकोन असतात ज्यांत दोन सेंटिमीटर पाणी उरलेलं असतं, आणि शेजारी त्यातून तीन सेंटिमीटर ओढायला पाहतात. खोली उणे एक येते. उणे खोलीचं वर्गमूळ काढायला गेलं की लाटेचा वेग निघत नाही, आणि पुढच्या काही पावलांत सगळा नकाशा नॅन, म्हणजे 'आकडाच नाही', होऊन रन उडतो.

विद्यार्थ्यानं संपूर्ण कोड चाळून एक ओळ समोर ठेवली. कित्येक वर्षांपूर्वीच्या मूळ कोडपासून चालत आलेली: खोली शून्याखाली गेली, तर शून्य कर. निरुपद्रवी दिसते. पण उणे एक सेंटिमीटरचं शून्य करणं म्हणजे त्या चौकोनात एक सेंटिमीटर पाणी फुकट ओतणं. १०० चौरस मीटरवर ते होतं १,००० लिटर. तेही एका चौकोनात, एका पावलात. असे हजारो चौकोन, लाखभर पावलं. सकाळचं जास्तीचं पाणी इथून आलं होतं.

आता ती ओळ काढून चालत नाही. तिच्या जागी काय, हा प्रश्न. पाऊल अजून लहान करता येतं, पण एका कोरड्या होत चाललेल्या बांधासाठी २० लाख चौकोनांना तिष्ठत ठेवणं परवडणारं नाही. आम्ही दुसरी वाट घेतली. प्रत्येक चौकोनातून या पावलात एकूण किती पाणी बाहेर जायचं आहे ते आधी मोजायचं. आहे त्यापेक्षा जास्त निघत असेल, तर त्याच्या सगळ्या बाहेरच्या प्रवाहांना एकाच प्रमाणात कात्री लावायची, आणि शेजाऱ्यांना तेच कमी केलेलं पाणी द्यायचं. जितकं गेलं तितकंच मिळालं. खोली उणे होत नाही आणि ताळाही सुटत नाही. कोडमध्ये पंधरा-वीस ओळी. पण त्या लिहिण्याआधी फळ्यावर दोन गोष्टी सिद्ध करून घेतल्या: एक, नवी खोली कुठल्याही परिस्थितीत शून्याच्या खाली जाणार नाही; दोन, निवांत तलावाचा समतोल या कात्रीनं बिघडणार नाही. दुसरीला वेळ लागला. तलाव निवांत असेल तर प्रवाहच शून्य, मग कात्री चालतच नाही, हे दिसायला सोपं. पण काठावरच्या अर्धवट भिजलेल्या चौकोनात ते खरं राहतं का, हे वेगळं तपासावं लागलं. राहतं.

विद्यार्थ्यानं मग मला अडचणीचा प्रश्न विचारला. "मॅडम, लॅक्सचा सिद्धान्त तर रेषीय समीकरणांपुरता. आपली समीकरणं रेषीय नाहीत. मग आपण कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?"

त्याला खरं तेच सांगितलं. या समीकरणांत गुळगुळीत लाटही पुढे जाताना उभी होते आणि भिंतीसारखी तुटते. तुटल्यावर साध्या अर्थानं उकल उरत नाही, दुबळ्या अर्थाची उकल घ्यावी लागते. तशा उकली एकाहून जास्त असतात, म्हणून ऊर्जा वाढवणाऱ्या बाद करायच्या. एका मितीत यानं बरंच निभावतं. दोन मितींत डे लेलिस आणि सेकेलीहिदी यांनी २०१० मध्ये दाखवलं की वायूच्या ज्या समीकरणांशी आमची, सपाट तळावरची बिनघर्षणाची समीकरणं गणिती दृष्ट्या जुळतात, त्यांना काही सुरुवातींसाठी ऊर्जेची अट पाळूनही अनंत उकली असतात. म्हणजे पाया पूर्ण भरलेला नाही. म्हणूनच जे सिद्ध करता येतं ते प्रत्येक वेळी सिद्ध करायचं, आणि जे येत नाही ते ज्ञात उकलींवर घासून पाहायचं. यापलीकडे विश्वासाचा दुसरा आधार मला माहीत नाही.

साडेपाच

कोल्हापूरहून फोन. आपत्ती व्यवस्थापनाच्या कामातले एक अभियंता. "मॅडम, ते निळं-तांबडं चित्र राहू दे. राजाराम बंधाऱ्याला उद्या सकाळी किती फूट, तेवढं सांगा की."

राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. मी म्हटलं, "साहेब, आजच्या निर्णयाला पाटबंधारे खात्याचा आणि केंद्रीय जल आयोगाचाच अंदाज धरा. आमचा आकडा उद्या दुपारी देते, आणि तो किती इकडे-तिकडे होऊ शकतो तेही सांगते." ते नाराज झाले, पण समजले.

त्याच सुमारास विद्यार्थ्याला त्याच्या आईचा फोन आला. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं. दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात उत्तरेकडून शिरलेलं कृष्णेचं पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं. भाविकांसाठी हा स्नानाचा सोहळा, आणि आमच्यासाठी महत्त्वाची बातमीही. पंचगंगा तिथे कृष्णेला मिळते. संथ प्रवाहात लाटा खालून वरही चढतात, म्हणून समीकरणांना वरच्या टोकाला किती पाणी येतं हे जितकं लागतं, तितकंच खालच्या टोकाला पातळी किती हेही लागतं. ती पातळी न देता किंवा अंदाजानं देऊन कोड चालेल, चित्रही काढेल, पण ते या नदीचं नसेल. आम्ही खालच्या सीमेवरची नोंद लगेच नव्यानं भरली.

सात

नवा कोड आता रिटरच्या उकलीवर. १८९२ मध्ये रिटरनं कागदावर धरण फोडलं: सपाट कोरडी जमीन, घर्षण नाही, भिंत एका क्षणात नाहीशी. त्याचं अचूक उत्तर फार सुंदर आहे. भिंतीच्या जागी खोली लगेच मूळ खोलीच्या चार-नवमांशावर येते आणि तिथेच थांबते, तर पुढची धार मूळ लाटेच्या दुप्पट वेगानं धावते. पुण्यात हे शिकवताना पानशेत धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ आठवतोच. पण मातीचं ते धरण असं क्षणात नाहीसं झालं नव्हतं, भगदाड रुंदावत गेलं. त्यामुळे रिटरचं उत्तर त्या पुराला तसंच लावता येत नाही. कोड तपासायला मात्र याहून चांगली कसोटी नाही.

भिंतीच्या जागी चार-नवमांश मिळाले. एकूण पाणी चौदा आकड्यांपर्यंत कायम. धार अचूक जागेच्या थोडी मागे, आणि जाळी निम्मी केल्यावर ती तफावत घटते. रंकाळा पुन्हा चालवला, तोही पास.

रात्री नऊ

दोन रन रांगेत लावले, एक १० मीटरचा, एक शहराजवळ ५ मीटरचा. दोन्हींची बंधाऱ्यावरची पातळी जवळ आली, तरच आकडा कोल्हापूरला जाईल. नाही आली, तर नाही आली असं कळवू.

हे सगळं जुळलं तरी मोठी अनिश्चितता उरते, आणि ती समीकरणांत नाही. स्वच्छ नदीपात्राच्या खडबडीतपणाचा आकडा ०.०३ च्या आसपास धरतात, दाट झुडपांना ०.१ पर्यंत, जुलैतल्या उभ्या उसाला किती, यावर आमच्यातच वाद होतात. उपग्रहावरून मिळणाऱ्या जमिनीच्या नकाशांत उंची काही मीटरनी चुकू शकते, आणि शिरोलीजवळच्या महामार्गाचा भराव मीटरभरानं चुकीचा धरला तर पुराची दिशाच बदलते. हे आकडे दुरुस्त करायला एकच हुकमी साधन आहे: आधीचा पूर खरोखर कुठवर आला होता, याची जागेवरची खूण.

म्हणून कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना विनंती आहे. तुमच्या घराच्या, शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची रेघ अजून असेल, तर रंगकाम करण्याआधी तिची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा, शेजारी वर्ष लिहा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत नोंद करून ठेवा.